खाणीतला सौदा

ज्या गावात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, त्या गावात राहून पाण्यात बुडायचा छंद लावून घ्यायचा, हे आमच्याच घरात होऊ शकतं. सोलापूरच्या नवी पेठेत आमचं छोटं दुकान आहे. फॉल-पिको, परकर, अस्तर, मॅचिंग ब्लाउजपीस. मी मशिनवर, नवरा काउंटरला. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा आम्ही दोघं कधी नव्हे ते मालवणला फिरायला गेलो. तिथं पर्यटकांना पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली नेतात. नवरा एकदा खाली जाऊन वर आला आणि मला म्हणाला, "मला हे शिकायचंय." मी म्हटलं, "आधी शटरला तेल घाला, महिनाभर सांगतेय."

पण शिकलो. दोघंही शिकलो. मी हौसेनं शिकले असं कुणी समजू नये. या खेळात एकट्यानं जायचं नसतं, जोडीदार लागतो, आणि माझा माणूस पाण्याखाली परक्या कुणाच्या भरवशावर सोडून मी काठावर भेळ खात बसू शकत नव्हते. दिवाळीनंतर दुकानाला मंदी असते, त्या दिवसांत आम्ही समुद्रावर जायचो. बायका विचारायच्या, माहेरी का गं जात नाहीस? काय सांगणार, कर्म माझं!

पोहायला आम्ही दोघंही विहिरीत शिकलेले. मी कुंभारीची. तो करकंबचा. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच्या कमरेला कासरा बांधून त्याला विहिरीत टाकलं होतं. कासरा म्हणजे बैल धरायची लांब दोरी. आमच्या खेड्यांत नुसतं तरंगता आलं तर त्याला पोहणं म्हणत नाहीत. बुडी मारून तळाची माती मुठीत आणायची, काठावरच्यांना दाखवायची, मग पोहायला आलं. त्यासाठी छाती फुटेस्तोवर श्वास धरायचा. डायव्हिंगमध्ये पहिला नियम याच्या नेमका उलटा. श्वास कधीही, कधी म्हणजे कधीही, धरायचा नाही. खालची दाबलेली हवा छातीत कोंडून वर आलं की ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. आमच्या शिक्षकांनी नवऱ्याला हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते वैतागले. समोरून मोठा मासा गेला की याचे बुडबुडे बंद! विहिरीची खोड, जाता जाईना. तेव्हापासून पाण्याखाली मी मासे बघत नाही, नवऱ्याचे बुडबुडे बघते.

सासरे गुरांचे व्यापारी होते. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबायची. विकणारा जितकी बोटं दाबतो त्यापेक्षा घेणारा कमी दाबतो, तो पुन्हा वाढवतो, हा पुन्हा उतरवतो, आणि चारचौघांत उभे असून कुणाला काही कळत नाही. सौदा पटला की विकणारा जनावराचा कासरा घेणाऱ्याच्या हातात देतो. सासरे म्हणायचे, "एकदा कासरा हातात पडला की तिथं थांबायचं न्हाय, मागं बघायचं न्हाय, सरळ घरची वाट धरायची. थांबला तो फसला." सासरे चिवट म्हणजे किती! एका बोटासाठी समोरच्याला घाम फोडायचे. नवरा लहानपणी त्यांच्यासोबत बाजार हिंडलेला, त्यामुळे ही बोटांची भाषा त्याच्या हातात मुरलेली. मला त्यानंच लग्नानंतर गंमत म्हणून शिकवली. पाहुणे बसलेले असताना पदराखाली बोटं दाबून आम्ही ठरवायचो, चहा की नुसतंच पाणी.

गेल्या वर्षी सासरे अचानक गेले. त्याच सकाळी त्यांचा फोन आला होता. नवऱ्याला म्हणाले, "ये की एकदा, लई दिवस झालं." हा म्हणाला, "रविवारी येतो, आबा." रविवार आलाच नाही. आम्ही करकंबला पोचलो तेव्हा लोक अंगणात जमलेले होते. नवरा रडला नाही. दहावा-तेरावा सगळं नीट केलं, दुकान उघडलं, आणि नंतर एकदम म्हणाला, "मला खोल जायचंय."

मी हसण्यावारी नेलं. पण तो गंभीर होता.

कुंभारीच्या पलीकडं माझ्या भावाच्या रानाला लागून एक सोडून दिलेली दगडाची खाण आहे. कित्येक वर्षं पाण्यानं भरलेली. कडे सरळ तुटलेले, पाणी हिरवं, आणि गावात सगळे शपथेवर सांगतात की तिला तळ नाही. भाऊ म्हणाला, "दाजी, आमच्या बानं एकदा मोटर पडली म्हणून दोर सोडला व्हता. दोर संपला पर लागलं न्हाय कायच." दुसऱ्या कुणाला हे ऐकून भीती वाटली असती. माझ्या नवऱ्याचे डोळे चमकले. तळ नाही म्हणतात, तर मी माती आणून दाखवतो! चाळिशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर केस मोजके उरलेत, आणि विहिरीवरच्या पोरासारखी मूठभर माती हवी.

मी खूप भांडले. आठवडाभर भाजी अळणी केली, मुद्दाम. पण मला माहीत होतं, मी नाही म्हटलं तर तो एकटा जाईल. म्हणून मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

लोकांना वाटतं आम्ही पाठीवर ऑक्सिजन नेतो. नाही हो. साधी हवाच असते, आपण ही जी घेतो तीच, दाबून भरलेली. वर ती बिचारी गरीब असते. पण खोल गेलं की तिच्यातलाच नायट्रोजन डोक्यात चढतो, दारू चढावी तसा. आणि दारूपेक्षा वाईट म्हणजे चढलीय हे ज्याला चढली त्याला कळतच नाही. त्याला वाटतं आपण फार शहाणे झालो. कुणी तोंडातली नळी काढून माशाला देऊ बघतो, कुणी खाली-खाली जातच राहतो. ज्यानं डोकं ठिकाणावर राहतं असा दुसरा मिश्र वायू असतो, पण त्याचं शिक्षण आमच्याकडं नव्हतं आणि सोलापुरात तो मिळणार कुठं? शिवाय हाच नायट्रोजन अंगात मुरतो, आणि घाईनं वर आलं तर सोड्याच्या बाटलीसारखा रक्तात फसफसतो. त्यावर उपाय म्हणजे रुग्णाला दाबाच्या बंद खोलीत ठेवणं. तशी खोली आमच्या गावात नाही. म्हणजे खाली काही झालं तर वर आमचं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी सगळं पुन्हा वाचलं. जे कोष्टक बघून आम्ही समुद्रात उतरायचो ते समुद्राच्या पातळीसाठी केलेलं असतं. सोलापूर उंचावर. इथं वरच्या हवेचा दाब कमी, म्हणून जितके खोल जाऊ त्याहून जास्तच खोल गेलो असं धरून हिशोब करायचा. हे नवऱ्याच्या गावीही नव्हतं. मी त्याला दाखवलं तर म्हणाला, "अगं, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय?" त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मी माझ्या अटी घातल्या. ट्रॅक्टरच्या ट्यूबला दोरी बांधायची, तिला खाली दगड, आणि दोरी पस्तीस मीटरवर संपली पाहिजे. दोरी संपली की आपणही संपलो, तिथून वर. मग तळ लागो न लागो. दोरीला ठरावीक अंतरावर मी दुकानातल्या फॉलच्या पिवळ्या पट्ट्या बांधल्या. हवेचे तीन भाग, एक जायला, एक यायला, एक नशिबाला. वर येताना अंगातला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून पाच मीटरवर थांबायचं, तिथं एक जादा सिलिंडर टांगलेलं ठेवायचं. काठावर भाऊ, त्याच्या गाडीत ऑक्सिजन. पाण्याखाली आम्हा दोघांच्या कमरेत एक आखूड दोर. भाऊ म्हणाला, "अक्का, दाजींना दावं बांधलं की गं!" मी म्हटलं, "लग्नातच बांधायला पाहिजे होतं."

आणि एक गोष्ट ठरवली. डोकं ठिकाणावर आहे का हे तपासायला डायव्हर बोटं दाखवतात. मी दोन दाखवली तर समोरच्यानं एक वाढवून तीन दाखवायची. जमलं नाही की समजायचं, चढली. पण त्या गढूळ पाण्यात बोटं दिसणार नव्हती. नवरा म्हणाला, "मग आबांसारखं करू. हातात हात घेऊन दाबू." आम्ही दुकानात कापडाखाली सराव केला. मी दोन दाबायची, तो तीन. मी तीन, तो चार. गिऱ्हाईक बायका बघून हसायच्या. त्या पूर्ण आठवड्यात मला तेवढाच काय तो धीर होता.

खाणीवर गेलो त्या सकाळी वारा नव्हता. सिलिंडर पुण्याहून आणलेले. मी नळ्या तपासल्या, पुन्हा तपासल्या, हवेला वास येतो का बघितलं, नवऱ्याचे पट्टे ओढून बघितले. भाऊ पाण्याकडं बघत बसला होता. म्हणाला, "अक्का, पानी लई गप हाय. मला काय बरं वाटंना." मी त्याला गप बस म्हटलं, कारण मलाही वाटत नव्हतं.

उतरलो. वरचं पाणी कोमट, मग एका पट्टीपाशी थंडीचा झटका, आणि त्याच्याखाली अंधार. मनगटाला बांधलेल्या टॉर्चचा उजेड हातभर जायचा आणि धुकं होऊन थांबायचा. मी एका हातानं दोरी धरलेली, दुसऱ्या हातात नवऱ्याचा हात. प्रत्येक पट्टीला मी बोटं दाबत होते. दोन, त्यानं तीन. तीन, त्यानं चार. बुडबुडे चालू होते. मला वाटलं, होईल. आज होऊन जाईल आणि हा सुटेल.

दोरी संपली. हाताला दगड लागला. माझ्या डोक्यातही काहीतरी मऊ-मऊ झालं होतं, विचार एकेक करून, दमानं येत होते. वर जायची खूण करण्याआधी मी त्याचा हात घेतला आणि दोन बोटं दाबली.

त्यानं एक दाबलं.

मला आधी वाटलं माझंच चुकलं. पुन्हा दोन दाबली. पुन्हा एक. शांतपणे, ठामपणे, आणि वर अंगठ्यानं माझा तळवा जरासा चोळला, भाव करताना सासरे चोळायचे तसा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा खाणीत नव्हताच. हा बाजारात होता. माझ्याशी सौदा करत होता! टॉर्च त्याच्या चेहऱ्यावर धरला तर काचेआड तो हसत होता, माझ्याकडं नाही, माझ्या शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं बघून. आणि दुसऱ्या हातानं त्यानं तरंगण्यासाठी फुगवलेल्या जॅकेटमधली हवा सोडायला सुरुवात केली होती. आमच्यातला आखूड दोर ताणला. तो खाली चालला होता.

मी त्याला ओढलं. त्यानं हात झटकला. माझ्यापेक्षा दांडगा माणूस, पाण्याखाली झोंबाझोंबी केली असती तर दोघांचीही हवा संपली असती. ओरडता येत नाही, समजावता येत नाही. मला अस्सा राग आला! सासऱ्यांचा राग, विहिरीचा राग, मूठभर मातीचा राग. तो राग आला म्हणूनच मी शुद्धीवर राहिले असं मला अजून वाटतं. कारण त्या रागातच मला सुचलं की याच्याशी भांडायचं नाही. हा सौदा करतोय ना? मग सौदा पटवून टाकायचा.

मी त्याचा हात पुन्हा धरला. दोन दाबली. त्यानं एक. मी थांबले, सासरे थांबायचे तेवढी. आणि मग एक दाबलं. मान्य. तुझाच भाव. त्याचा हात सैल पडला. मी दोरीचं टोक त्याच्या मुठीत दिलं आणि माझ्या हातानं त्याची बोटं करंगळीपासून एकेक करून मिटवली. कासरा दिला.

तो वळला. खरंच वळला. मागं न बघता, दोरी हातात घेऊन वर जायला लागला, जनावर घेऊन घरी निघालेल्या माणसासारखा. मी त्याच्या कमरेला धरून मागोमाग, एक हात त्याच्या छातीवर, श्वास चालतोय ना बघत. घाई केली की मी खाली ओढायची, बुडबुडे थांबले की छातीवर चापट मारायची. पहिल्या पट्टीला दोन बोटं दाबली, काहीच नाही. दुसऱ्या पट्टीला, काहीच नाही. आई गं, ते अंतर! तिसऱ्या पट्टीला मी दाबली तेव्हा त्याचा हात क्षणभर गोंधळला आणि मग तीन बोटं आली. माझ्या काचेच्या आत पाणी साचलं, ते खाणीचं नव्हतं.

पाच मीटरवर ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबलो, थंडीनं दात वाजेपर्यंत. वर आल्यावर भावानं दोघांना ओढून काठावर घेतलं. नवऱ्याला ऑक्सिजन लावून बसवलं, हातापायाला मुंग्या येतात का विचारत राहिले. काही नव्हतं. धडधाकट. बऱ्याच वेळानं त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "आबा होते खाली."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला.

"माझ्याशी सौदा केला त्यांनी. मी एकच म्हणालो आणि आबांनी मान्य केलं. कासरा माझ्या हातात दिला. घरी जा म्हणाले." त्याचे डोळे भरून आले होते, आबा गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, असू दे. शेवटची भेट झाली नव्हती, ती अशी झाली म्हणायची.

पण पुढचा सगळा आठवडा तो शीळ घालत होता. मशिनला तेल घातलं, शटरला घातलं, नळ्या धुऊन गॅलरीत वाळत टाकल्या. गुरुवारी जेवताना मला म्हणाला, "पुण्याला सिलिंडर सांगितलेत. रविवारी परत जाऊ."

मी हातातला घास ताटात ठेवला. "कशाला? माती?"

"माती नको गं आता," तो म्हणाला. "आबांना रविवारी येतो म्हणालो होतो."

रात्रभर मी पंख्याकडं बघत पडले. हे आठवण म्हणून त्याच्यापाशी राहू द्यावं असं मला फार वाटत होतं. पण तळाशी आबा बसलेत असं ज्याला वाटतं, त्याला कुठली दोरी पुरणार? पुढच्या वेळी मी कुठला कासरा देणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. काउंटरवर अस्तराचा तागा उलगडलेला होता. मी मशिनवरून उठले, त्याच्यासमोर बसले आणि कापडाखाली त्याचा हात घेतला. दोन बोटं दाबली. त्याला वाटलं सराव चाललाय, त्यानं तीन दाबली. मी मान हलवली. "तसं नाही. आबांसारखं."

तो हसला आणि त्यानं एक दाबलं. मी थांबले, खाली थांबले होते तेवढीच. मग एक दाबलं. गठ्ठा बांधायची सुतळी पडली होती, तिचं टोक त्याच्या मुठीत दिलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. करंगळीपासून, तशीच.

त्याचं हसू गेलं. त्यानं मुठीकडं बघितलं. मग म्हणाला, "तू होतीस?"

"अहो, आबा एका बोटावर कधी सौदा पटवतील का?" मी म्हटलं. "आयुष्यात कधी इतक्या स्वस्तात सोडलं त्यांनी? मला घाई होती. मला तुम्हाला घरी न्यायचं होतं."

तो अस्तराच्या ताग्यात तोंड खुपसून रडायला लागला. बापासाठी रडायला याला वर्ष लागलं. तेवढ्यात एक बाई साडी घेऊन पायरी चढली, फॉल लावायचा म्हणून. मी तिला म्हटलं, "बसा जरा, मावशी." ती बिचारी बसली, काय बघावं न कळून बाहेर रिक्षा बघत राहिली. मी हात सोडला नाही. कापडाखाली पुन्हा दोन बोटं दाबली आणि वाट बघत राहिले.

खूप वेळानं त्यानं दाबली. तीन.